घरच्या कॉम्प्युटरसाठी हलका पीडीएफ रीडर: काय घ्यावं, कसं बसवावं, कुठे अडतं

सीमाभागातल्या कुठल्याही घरचं डाउनलोड फोल्डर उघडलं तर साधारण हाच माल निघतो: कर्नाटकच्या भूमी पोर्टलवरून काढलेली कन्नड आरटीसी (तिकडचा सातबारा), चंदगड-कागलकडे जमीन असेल तर मराठी सातबारा, मुलांचं मराठी माध्यमाचं कर्नाटकी पाठ्यपुस्तक, हेस्कॉमचं वीजबिल, घरातल्या चौघांची ई-आधार, आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं स्कॅन केलेलं जुनं पुस्तक. सगळ्यांच्या नावाला शेपूट पीडीएफचंच. पण आतून या फायली इतक्या वेगळ्या असतात की एका प्रोग्राममध्ये झटकन उघडणारी फाईल दुसऱ्यात कोरी दिसते, नाहीतर मशीनच गोठवते.

म्हणून ‘सगळ्यात चांगला रीडर कुठला’ या प्रश्नात फारसा अर्थ नाही. रोजच्या वाचनाला एक हलका रीडर ठेवावा. डिजिटल सही तपासायला किंवा हट्टी फॉर्म भरायला लागला तर दुसरा, जड रीडर बसवावा आणि एरवी त्याला हात लावू नये. विंडोजवर रोजच्या कामाला सुमात्रा पीडीएफ पुरतो. दुसरा लागेल की नाही, हे तुमच्या फायलींवर ठरेल.

आधी मशीन बघा

विंडोजचं बटण आणि पॉज ही दोन बटणं एकदम दाबा, किंवा सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जा. तिथे तीन गोष्टी टिपून घ्या: रॅम किती, सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, आणि विंडोजची आवृत्ती कुठली.

रॅम २ जीबी असेल तर अँटिव्हायरस आणि ब्राउझर मिळूनच ती संपवतात, तिथे जड रीडरचा विचार सोडा. ४ जीबीवर हलका रीडर आरामात चालतो, जडही चालतो, फक्त ब्राउझरच्या वीस टॅब तेव्हा उघड्या नकोत. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर वेगाची चिंता नाही, मग निवड सोयीवर करा.

विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. याचा रीडरशी संबंध असा की क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे त्या मशीनवर ‘ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडू’ म्हटलं तर जुन्या, दुरुस्त्या न मिळणाऱ्या ब्राउझरवर राहावं लागतं. माळ्यावरचं एक्सपीचं मशीन मुलांसाठी खाली काढलं असेल, तर सुमात्राची ३.१.२ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. ती वापरा, पण त्या मशीनला इंटरनेट जोडू नका, फायली पेनड्राइव्हने न्या.

जड रीडर जड का असतो

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओचं खुलं मानक झाला. त्यामुळे रीडर कुणीही बनवू शकतो. अ‍ॅडोबी ॲक्रोबॅट रीडरमध्ये वाचनाखेरीज सही तपासणं, फॉर्ममधली जावास्क्रिप्ट (फाईलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम), क्लाउड, शेअरिंग, अपडेट सेवा असं बरंच काही असतं. डाउनलोडच काही शे एमबीचं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवायचं म्हणजे दिवसाच्या डेटाचा मोठा घास गेला, आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंजने मध्येच दगा दिला तर पुन्हा पहिल्यापासून.

सुमात्रा मात्र १० एमबीच्या आसपास. २००६ पासून चालू असलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे, आणि पान रंगवण्याचं काम तो म्यूपीडीएफ नावाच्या इंजिनाकडून करून घेतो. पीडीएफबरोबर ईपब, मोबी, डेजावू, सीएचएम आणि कॉमिक्सच्या सीबीझेड-सीबीआर फायलीही उघडतो. तो सही तपासत नाही, फॉर्म भरून देत नाही, फॉर्ममधली जावास्क्रिप्ट चालवत नाही. शेवटचं हे न्यून वाटेल, पण अनोळखी फाईल उघडताना तोच फायदा आहे.

फॉक्सिट एकेकाळी ‘हलका’ म्हणूनच गाजला होता. आता तो तसा राहिलेला नाही. जुन्या शिफारशींवर जाऊन तो बसवू नका.

लिनक्स असेल तर बाहेरून काही आणायची गरज सहसा पडत नाही. मिंटमध्ये एक्सरीडर येतो, गनोममध्ये एव्हिन्स (नव्या आवृत्त्यांत त्याच्या जागी पेपर्स), केडीईमध्ये ओक्युलर. यातला ओक्युलर वेगळा सांगायला हवा, कारण तो सहीही तपासतो. शिवाय जर्मनीचा ‘ब्लू एंजल’ हा पर्यावरणस्नेही शिक्का मिळालेला तो पहिला संगणक प्रोग्राम, २०२२ साली. मॅकवाल्यांना प्रीव्ह्यू पुरे.

ब्राउझर चालेल का?

बऱ्याच घरी चालेल, आणि तसं असेल तर पुढचं बसवण्याचं प्रकरण सोडून थेट ‘मराठी-कन्नड मजकूर शोधता का येत नाही’ या भागावर जा. एज, क्रोम, फायरफॉक्स तिघांतही रीडर असतो. साधा फॉर्म भरता येतो, फायरफॉक्समध्ये पानावर मजकूर टाकता येतो आणि रेघोट्या मारता येतात. अडचण दोन ठिकाणी. एक, ४ जीबीच्या मशीनवर नुसतं बिल बघायला अख्खा ब्राउझर जागा करावा लागतो. दोन, ३०० पानांच्या पुस्तकात काल कुठे थांबलो ते ब्राउझर भरवशाने लक्षात ठेवत नाही. सुमात्रा ठेवतो.

बसवताना

१. ब्राउझरमध्ये सुमात्रापीडीएफरीडर डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. फुकटच्या प्रोग्रामला स्वतःचं इन्स्टॉलर चिकटवून देणाऱ्या साइट भरपूर आहेत.

२. ६४ बिट मशीनला ६४ बिटची फाईल, ३२ बिटला ३२ ची. उलटं केलं तर ३२ ची फाईल ६४ वर चालते, पण ६४ ची ३२ वर उघडतच नाही. ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी’ हा निरोप आला की कारण बहुधा हेच.

३. इन्स्टॉल दाबण्याआधी ऑप्शन्स उघडा. विंडोजच्या फोल्डरमध्येच पीडीएफची झलक दाखवायची का, असा एक पर्याय तिथे आहे. चांगल्या मशीनवर तो ठेवा. २ जीबीच्या मशीनवर काढा, नाहीतर फाईलवर नुसतं एकदा क्लिक केलं तरी पान रंगवायला सुरुवात होते.

४. कुठल्याही पीडीएफवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर ॲप, सुमात्रा, आणि ‘ऑल्वेज’. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर पीडीएफ पुन्हा एजमध्ये उघडू लागली तर बिघाड समजू नका, हीच पायरी परत करा.

५. सेटिंग्जमधल्या ऑप्शन्समध्ये ‘रिमेंबर ओपन्ड फाइल्स’ अशी खूण असते. एकट्याचं मशीन असेल तर ती राहू द्या, वाचनाची जागा त्यामुळेच लक्षात राहते. शेजारची मुलं, भाडेकरू, पाहुणे सगळे वापरतात असं मशीन असेल तर काढा. नाहीतर प्रोग्राम उघडताच पहिल्या पानावर तुमच्या आधारची आणि बँकेच्या स्टेटमेंटची छोटी चित्रं मांडलेली दिसतात.

याची पोर्टेबल आवृत्तीही मिळते. झिप सोडवून पेनड्राइव्हवर ठेवली की न बसवता चालते, आणि सेटिंग्जही त्याच फोल्डरमध्ये राहतात. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जाताना ती सोबत असली तर तिथल्या मशीनवर काय आहे, काय नाही याची फिकीर राहत नाही.

वापरायला चार-सहा बटणं लक्षात ठेवली तर माउस फारसा लागत नाही. जी दाबून पानाचा आकडा टाका, कंट्रोल आणि २ ने पान रुंदीला बसतं, कंट्रोल आणि ० ने अख्खं पान दिसतं, एफ १२ ने अनुक्रमणिका, एफ ११ ने पूर्ण पडदा. मजकूर निवडून ए दाबलं की पिवळी खूण होते. ती फाईलमध्ये उतरवायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस. हे लगेच करा. पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएस नसेल तर न उतरवलेल्या खुणा विजेबरोबर जातात.

मराठी-कन्नड मजकूर शोधता का येत नाही

सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच होते आणि दोष उगाच रीडरला दिला जातो.

पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांच्या आकृत्या असतात. कुठली आकृती कुठे ठेवायची एवढंच फाईलला ठाऊक असतं. त्या आकृतीचा अर्थ ‘क’ की ‘क्ष’, हे सांगणारा वेगळा तक्ता फाईलमध्ये असावा लागतो. तो नसेल किंवा अर्धवट असेल तर पान डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण सर्चला काही सापडत नाही आणि कॉपी केलं तर भलतंच उमटतं. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास मोडतात, कारण वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि आकृती मात्र त्याच्या आधी बसते.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. मराठीत श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. कन्नडमध्ये नुडी, बरह. यांच्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीची किंवा कन्नडची आकृती बसवलेली असते. अशा फाईलमधून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ हाती येते. रीडर बदलून काही होणार नाही.

कुठला प्रकार आहे हे मिनिटभरात कळतं. फाईलमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा.

ओळ जशीच्या तशी आली तर प्रश्नच मिटला. सुमात्रामध्ये निवडलेल्या मजकुरावर राइट क्लिक केलं की गूगलकडे भाषांतराला पाठवण्याचा पर्याय आहे. कन्नड न वाचता येणाऱ्याला आरटीसीतला एखादा शेरा समजून घ्यायला ही सोय सोन्यासारखी आहे. मात्र हक्काच्या नोंदीचं, कर्जाचं, वाटणीचं असं काही असेल तर यंत्राच्या भाषांतरावर सही-शिक्का करू नका, जाणकाराकडून वाचून घ्या.

ओळ देवनागरीतच आली पण मोडकी, तर शोधताना शब्द हुशारीने निवडा. ‘क्षेत्र’, ‘शिक्षण’, ‘प्रश्न’ सापडणार नाहीत. ‘कर’, ‘घर’, ‘नकाशा’ असे जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी नसलेले शब्द सापडायची शक्यता जास्त. आकडे शोधायचे असतील तर आधी इंग्रजी अंकांत, मग देवनागरीत, कन्नड कागद असेल तर कन्नड अंकांत.

भेळ आली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे असं समजून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घ्या. एकदोन पानं असतील तर स्क्रीनसमोर मोबाईल धरून गूगल लेन्स. थोडी जास्त असतील तर फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून राइट क्लिकने गूगल डॉक्समध्ये उघडा; मजकूर आपोआप निघतो. फाईल २ एमबीच्या आत ठेवा, पानं सरळ असू द्या. आधार किंवा बँकेचे कागद यासाठी चढवू नका.

आणि चौकोनच चौकोन दिसले तर? मग फाईल बनवणाऱ्याने फॉन्ट आत भरलेलाच नाही. कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टची माहिती बघा. ॲक्रोबॅटमध्ये फॉन्ट्सच्या टॅबखाली प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असं लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर पाठवणाऱ्याकडूनच नवी फाईल मागवावी लागते. कुणी आग्रह केला म्हणून नेटवरून सापडेल तो फॉन्ट बसवत सुटू नका.

सही आणि हट्टी फॉर्म

ई-आधारला पासवर्ड लागतो: नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला लागून जन्मवर्षाचे चार अंक. मधली जागा मोजायची नाही, पण आधारवर नावात टिंब असेल तर ते मोजायचं. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीन अक्षरं आणि वर्ष. पासवर्ड चुकतो तो बहुधा कॅप्स लॉकमुळे, नाहीतर आधारवरचं स्पेलिंग आपण समजतो त्यापेक्षा वेगळं असल्यामुळे.

उघडल्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसलं की लोक घाबरतात. कागद खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही. सही करणाऱ्याला तुमचा रीडर ओळखत नाही, एवढंच. ही तपासणी सुमात्रात होत नाही, ॲक्रोबॅट रीडरमध्ये होते. सहीवर राइट क्लिक, व्हॅलिडेट सिग्नेचर, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, मग ट्रस्ट टॅबमध्ये ॲड टू ट्रस्टेड आयडेंटिटीज, ओके, आणि शेवटी पुन्हा व्हॅलिडेट. हिरवी खूण येईल. सरकारी साइटवरून स्वतः उतरवलेल्या फाईलवरच हे करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलला ‘ट्रस्टेड’ म्हणणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणं.

एक चूक फार होते. पासवर्डचा त्रास नको म्हणून फाईल ब्राउझरमध्ये उघडून ‘प्रिंट टू पीडीएफ’ करतात. पासवर्ड जातो, पण सहीही जाते. दिसायला तीच, पण आता तो नुसता फोटो. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच राहू द्या, पिवळ्या खुणा करायच्या त्या प्रतीवर.

फॉर्म उघडल्यावर एकच पान येतं आणि त्यावर ‘प्लीज वेट’ लिहिलेलं असतं. तास थांबलात तरी ते जाणार नाही. तो एक्सएफए जातीचा फॉर्म असतो आणि आपला रीडर ती जात ओळखत नाही. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात ही जात मोडीत काढली आहे, तरी कार्यालयांतून अजून भेटते. आधी फायरफॉक्समध्ये उघडून बघा, २०२१ पासून त्यात असे बरेच फॉर्म उघडतात. नाहीच झालं तर ॲक्रोबॅट रीडर.

तो बसवायची वेळ आलीच तर डाउनलोडच्या पानावरच्या जादा प्रोग्रामसमोरच्या टिकच्या खुणा काढा. बसवल्यावर एडिट, प्रेफरन्सेस, जावास्क्रिप्टमध्ये जाऊन तिथली खूण काढा, फॉर्मला लागली तर तेवढ्यापुरती घाला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपमध्ये अ‍ॅडोबीचं जे काही मशीनबरोबर सुरू होतं ते बंद करा. अपडेटची सेवा मात्र राहू द्या. पीडीएफचा ‘ऑल्वेज’ सुमात्राकडेच ठेवा.

स्कॅन केलेली पुस्तकं

ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. रंगीत पानाला प्रत्येक ठिपक्याचे ३ बाइट धरले तर फाईलमध्ये ते पान कितीही दाबून बसवलेलं असो, उलगडल्यावर रॅममध्ये २६ एमबी जागा घेतं. दहा पानं आधीच रंगवून ठेवणारा रीडर २६० एमबी तिथेच खातो. त्यात इंटरनेट अर्काइव्हवरच्या पीडीएफमध्ये चित्रं बऱ्याचदा जेपेग २००० पद्धतीने दाबलेली असतात. फाईल लहान होते, पण उलगडताना प्रोसेसरचा घाम निघतो. म्हणून १५ एमबीची फाईल कधी १५० एमबीच्या फाईलपेक्षा सावकाश चालते.

उपाय साधे आहेत: सलग स्क्रोलऐवजी एकेक पान, लघुचित्रांची पट्टी बंद, झूम पानाच्या रुंदीइतकाच. झूम दुप्पट केला की रंगवायचे ठिपके चौपट होतात.

रीडर निवडताना कसोटी अशाच फाईलवर घ्या. तीच फाईल दोन रीडरमध्ये आळीपाळीने उघडा, पन्नासाव्या पानावर उडी मारा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. हेस्कॉमचं एकपानी बिल कुठल्याही रीडरमध्ये पटकनच उघडतं, त्यावरून काही ठरत नाही.

छपाई

सुमात्रा पान प्रिंटरला चित्र म्हणून पाठवतो. जुन्या लेझर प्रिंटरवर ४० पानं एकदम दिली की पहिलं पान यायलाच वेळ लागतो, कधी प्रिंटरची मेमरी भरून मध्येच थांबतो. १० पानांचे तुकडे करून द्या.

कागदाचा आकार आधी बघा. लीगल कागद २१६ बाय ३५६ मिमी, ए४ आहे २१० बाय २९७. खरेदीपत्राची नक्कल लीगलवर असेल आणि प्रिंटरमध्ये ए४ असेल, तर पान आक्रसून अक्षर बारीक होतं, नाहीतर खालच्या दोन ओळी कापल्या जातात, आणि शिक्का नेमका तिथेच असतो. प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये ‘फिट’, ‘श्रिंक’ आणि ‘यूज ओरिजिनल पेज साइझेस’ असे पर्याय आहेत. लीगलचा कागद ए४ वर बसवायचा असेल तर श्रिंक. आधारचं कार्ड कापून लॅमिनेट करायचं असेल तर ओरिजिनल. फिटवर काढलं तर कार्ड पाकिटात मावेनासं होऊ शकतं आणि लॅमिनेशनचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.